भिंत भरली का?

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्याचं श्रेय एकाच माणसाला द्यायचं म्हटलं तर मी सुभद्राबाई भोयर यांचं नाव घेईन. छत्तीस वर्षं मी हवाईदलात विमानांच्या देखभालीचं काम केलं. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांतल्या काहींबरोबरचे फोटो आमच्या बैठकीत लावलेले आहेत. पण हे काम मला पहिल्यांदा जिने शिकवलं, तिने विमान फक्त आभाळात पाहिलं होतं, तेही कपाळावर हात धरून. बेल्याच्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या तोंडाशी तिची पिठाची चक्की होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. नात्याने ती आमची कोणी नाही. वर सुभद्राबाई लिहिलं खरं, पण इथून पुढे मला तसं लिहिता येणार नाही. मावशीला मी जन्मात कधी अहो-जाहो केलेलं नाही, आणि केलं असतं तर तिने मला तापबिप आलाय का म्हणून विचारलं असतं.

आमचं घर गावाच्या पैनगंगेकडच्या बाजूला होतं. बाबा भाजीपाला पिकवायचे. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी मेथी, आणि पावसाळ्यात अंबाडी. माय डोक्यावर टोपली घेऊन बेल्याच्या बाजारात बसायची. आमच्या घरात पाटीवर कोणी लिहिलं असेल तर ते मी आणि माझी बहीण कमल, आणि कमल चौथीनंतर घरी बसली. बाबांना सही येत नव्हती, पण मिरचीच्या पानाची कड नुसती चिमटीत धरून रोग लागलाय की पाणी जास्त झालंय ते सांगायचे. सकाळी चुलीवर ज्वारीची भाकरी, तव्यावर ठेचा, आणि थंडीच्या दिवसात कण्यांची पातळ पेज. हे सगळं चालू असताना दुरून मावशीच्या इंजनाचा आवाज यायचा. आधी तीन-चार वेळा खोकल्यासारखा, मग थांबून, मग एकदम ठाक-ठाक-ठाक असा लागोपाठ. तो सुरू झाला की माय म्हणायची, “सुभद्रीची चक्की लागली, जा डबा घेऊन.” मी इतर कोणत्याच कामाला पहिल्या हाकेला उठत नसे, पण चक्कीवर जायचं म्हटलं की डबा माझ्याच डोक्यावर असायचा. पीठ येईपर्यंत मी इंजनाजवळ उभा राहायचो. अजूनही जळलेल्या डिझेलचा आणि गरम पिठाचा वास एकत्र आला तर मला भूक लागते. हे मी माझ्या डॉक्टर मुलीला सांगतो तेव्हा ती हसते.

मावशीचा नवरा, नागोराव काका, मी लहान असताना तापाने गेले. पुढे चक्की मावशीनेच चालवली. चक्कीच्या दोन दगडांमधल्या खाचा दळून दळून गुळगुळीत झाल्या की वरचा दगड उचलून त्या छिन्नीने पुन्हा कोराव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. हे काम आसपासच्या गावांत पुरुष करायचे, मावशी स्वतः करायची. तिच्या डाव्या भुवईवर एक पांढरा व्रण होता. काका हयात असताना एकदा टाकी लावून झाल्यावर ते छिन्नी दगडांमध्ये विसरले आणि त्यांनी चक्की चालू केली. दगडाचा कपचा उडाला तो मावशीच्या तोंडावर. “तो इसरला अन् मी लक्षात ठेवून राह्यली,” असं ती त्या व्रणावर बोट ठेवून सांगायची आणि हसायची.

त्या दिवसानंतर तिने एक गोष्ट केली, जिच्यासाठी मी हे प्रकरण लिहितो आहे. चक्कीच्या खोलीची एक भिंत तिने चुन्याने पांढरी केली. त्यावर खिळे ठोकून प्रत्येक हत्यार टांगलं आणि प्रत्येकाच्या भोवती गेरूने रेघ ओढली. पाने, छिन्न्या, हातोडा, पट्टा ओढायची लोखंडी सळई, तेलाची झारी. हत्यार काढलं की भिंतीवर त्याची लाल रिकामी आकृती उरायची. चक्की चालू करण्याआधी मावशी इंजनाचं हँडल हातात घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्याला विचारायची, “भिंत भरली का?” जो कोणी असेल त्याने भिंत पाहून “भरली” म्हणायचं. त्याशिवाय हँडल फिरायचं नाही. एक जरी आकृती रिकामी असेल तर चक्की बंद, मग बाहेर पाटलीणबाई उभी असो नाही तर लग्नघरचं दळण असो. आणि हत्यार ज्याच्या हातून हरवलं असेल त्याने आपण होऊन सांगायचं. जो सांगेल त्याला शिवी नाही, हा दुसरा नियम. मावशीच्या तोंडात शिव्या भरपूर होत्या, पण या एका बाबतीत मी तिला नियम मोडताना पाहिलं नाही.

दहावी मी मराठी शाळेतून झालो. गणितात चांगले गुण होते. आमच्या घरातला पहिला दहावी पास म्हणून मायने गल्लीत साखर वाटली, आणि बाबांनी मला आदिलाबादला इंटरला, म्हणजे अकरावीला, घातलं. आमचा भाग तेव्हा आंध्र प्रदेशात, त्यामुळे तिथे सगळं शिकवणं तेलुगूत आणि इंग्रजीत. गणिताचे सर भले माणूस होते. फळ्यावर भराभर लिहायचे, वळायचे, आणि विचारायचे, “अर्थमैंदा?” म्हणजे समजलं का. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, “अर्थमैंदी सार!” मीही म्हणायचो. पहिले आठ दिवस वाटलं, हळूहळू समजेल. मग वाटलं, आता विचारलं तर हसतील. मग एके दिवशी मी बसमधून उतरलो तो कॉलेजकडे वळलोच नाही. बसस्टँडमागे ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्यांची रांग होती. तिथे मला कोणी काही विचारलं नाही, आणि जे बोलत होते ते हिंदीत, नाही तर हातांनी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच गेलो. बस पास, दप्तर, दुपारची भाकरी, सगळं कॉलेजचं. मी मात्र ट्रॅक्टरखाली. दुपारच्या बसने परत यायचो आणि मावशीला मदत करायला चक्कीवर जायचो. घरी सगळ्यांना वाटायचं, पोरगं सकाळी शिकतं आणि दुपारी राबतं. बाबा बाजारात लोकांना सांगायचे, “आमचा दिनकर कॉलेजात हाय.” ते ऐकलं की मी भाजीची टोपली उचलून दुसरीकडे जायचो.

मावशीने मला पकडलं ते अगदी साध्या रीतीने. इंजनाचा पट्टा आणायला ती आदिलाबादला आली होती. मी एका ट्रॅक्टरखाली उताणा पडलेला, आणि दोन ओळखीच्या चपला डोक्याजवळ येऊन थांबल्या.

“काऊन बे दिन्या, कॉलेज आजकाल ट्रॅक्टरखाली भरते का?”

मी बाहेर आलो. तोंडाला ऑईल. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि विचारलं, “झाला का दुरुस्त?”

“होऊन राह्यला.”

“मंग पुरा कर. अर्धं सोडू नोको.” ती पट्टा काखेत धरून तिथेच बाकावर बसली. काम झाल्यावर बसमध्ये माझ्या शेजारी बसली आणि वाटेतलं जैनथ गाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, “मी तुह्या बापाले काई सांगनार नाई. ते तुह्यं काम हाय. पन मी रोज इचारीन.”

आणि ती रोज विचारायची. मी चक्कीवर पोचलो की पीठ चाळता चाळता, मान वर न करता, “सांगतलं?”

“नाय.”

“बरं.”

बस, एवढंच. ती रागावली असती तर मी उलट बोललो असतो, आणि मग कदाचित चक्कीवर जायचंही सोडलं असतं. त्या ‘बरं’शी भांडता येत नव्हतं. असे दीड-दोन महिने गेले. सहामाही जवळ येत होती. मी फाट्यावर बसची वाट पाहत असताना रोज ठरवायचो की आज संध्याकाळी सांगू, आणि संध्याकाळी बाबा वाडीतून दमून आले की उद्यावर टाकायचो.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. गावात प्रत्येक घरी दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, त्यामुळे गव्हाचे डबे चक्कीपासून पार रस्त्यापर्यंत लागलेले. त्या दिवशी कॉलेजला सुटी होती, म्हणजे मलाही. आदल्या संध्याकाळी आम्ही चक्कीला टाकी लावली होती आणि वरचा दगड बसवून झाकून ठेवला होता. सकाळी बायका हसत-भांडत उभ्या होत्या, आणि त्यांच्यात एकटेच पुरुष म्हणजे आमचे बाबा, डोक्याला रुमाल, हातात गव्हाचा डबा. माय पुरणाची डाळ निवडत होती म्हणून तिने त्यांना पिटाळलं होतं. बायका त्यांची मजा करत होत्या. “मारोतीभाऊ, पोया तुमीच लाटनार का यंदा?” बाबा नुसते हसत होते.

मी इंजनात तेल पाहिलं, पट्टा पाहिला, आणि भिंतीकडे वळलो. बारक्या पान्याची जागा रिकामी होती.

तो पाना मी दोन दिवसांपूर्वी, टाकीसाठी चक्की बंद ठेवली तेव्हा, दप्तरात घालून आदिलाबादला नेला होता. तिथे त्या मापाचा पाना कोणाकडे नव्हता, आणि मला तिथल्या मिस्त्रीवर छाप पाडायची होती. चक्कीचं हत्यार चक्कीबाहेर न्यायचं नाही हे मला माहीत होतं. परत आणला होता का? आठवेना. काल संध्याकाळी दगड बसवताना हातात तोच होता, की दुसरा? तेही आठवेना. तो एक तर घरी दप्तरात होता, नाही तर दोन दगडांच्या मध्ये. आणि हे सांगायचं म्हणजे दप्तराचं नाव घ्यायचं, तेही बाबा आठ पावलांवर उभे असताना.

मी काय केलं ते लिहायला आजही बरं वाटत नाही. कोपऱ्यातल्या भंगाराच्या पोत्यात एक गंजका पाना होता, मोडक्या तोंडाचा, थोडा लहान. मी तो काढला, अंगच्या सदऱ्याला पुसला आणि त्या लाल आकृतीत टांगला. गेरूची रेघ त्याच्या चारही बाजूंनी बोटभर उघडी राहिली. पण दुरून भिंत भरलेली दिसत होती.

मावशी पदर खोचून आली. इंजनाचं हँडल घेतलं. नेहमीसारखं विचारलं, “भिंत भरली का?”

“भरली,” मी म्हणालो.

तिने हँडल फिरवलं नाही. “मोठ्यानं सांग. बायाइच्या गलक्यात ऐकू नाई आलं.”

ती वाकलेली होती. तिचं तोंड चक्कीच्या दगडापासून दोन हातांवर, आणि तो भुवईवरचा व्रण माझ्या बाजूला. मला कॉलेजचा वर्ग आठवला, सगळे मिळून ओरडतात तो. तिथे मी खोटं बोललो तर माझंच नुकसान होत होतं. इथे दगड तिच्या तोंडासमोर होते.

“नाय भरली,” मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की बायका गप्प झाल्या. “तो पाना खोटा हाय. मी लावला. खरा माह्या हातून हरवला.”

मावशीने हँडल काढून खाली ठेवलं. “कुठी असंन?”

“एक तं दगडात, नाय तं माह्या दप्तरात.”

“दप्तरात?” हा आवाज बाबांचा होता. “कॉलेजच्या दप्तरात चक्कीचा पाना काऊन?”

मी खाली पाहिलं. रांगेतली एक बाई म्हणाली, “काय तं, पान्याचा पेपर असंन,” आणि सगळ्या हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी गव्हाचा डबा ओट्यावर ठेवला आणि घराकडे चालू लागले. मला त्यांच्या मागे धावावंसं वाटलं, पण मावशी म्हणाली, “इकडं पाय. दगड उचलाचा हाय.”

नुकताच बसवलेला दगड आम्ही पुन्हा काढला. सोपं काम नाही ते. मागे बायकांचा आवाज वाढत होता. “माय वं, सकायपासून उभी हाओ अन् ह्ये आता चक्की खोलून बसले!” “घरी लेकरं उपाशी, अन् इथी पान्याचं खूळ!” “सुभद्रे, जाऊ दे ना, काई नसंन आत!” मावशी वाकून दगडाखाली हात घालत होती. दगड उचलला. तिने खालच्या दगडावर तळहात फिरवला, प्रत्येक खाचेतून, पूर्ण गोल. मग मला फिरवायला लावला. आत काही नव्हतं. धान्याच्या पेटीत, पीठ पडतं त्या कापडी बाहीत, कुठेच नव्हतं.

“पाय,” एक म्हातारी म्हणाली, “म्हनलं होतं ना? फुकट घंटा गेला. त्या पोट्ट्यानं बोंब मारली अन् तुमी आयकली.”

आता मात्र मावशी उभी राहिली. हात दगडाच्या भुकटीने पांढरे झालेले. “आत काई नसंन, असं म्हनूनच माह्या मालकानं चालू केली होती,” ती म्हणाली. “आता आत काई नाई, हे मी हात लावून पायलं. तुमाले दोन्ही एकच वाटत असंन तं बेल्याच्या चक्कीवर जा, लय दूर नाई.” कोणी गेलं नाही.

तेवढ्यात बाबा परत आले. त्यांनी माझं दप्तर सगळ्यांसमोर ओट्यावर उलटं केलं. आतून बस पास पडला. एक वही पडली, जिची पहिली चार पानं लिहिलेली आणि बाकी कोरी. ऑईलने काळं झालेलं एक फडकं. आणि पाना. वाचता न येणाऱ्या माणसाला त्या ढिगात काय लिहिलं आहे ते समजायला क्षणही लागला नाही. ते कितीतरी वेळ वहीची कोरी पानं अंगठ्याने उलटत राहिले. मला वाटलं आता मारतील. मारावं असंही वाटलं.

बाबांनी पाना उचलला. भिंतीजवळ गेले. गंजका पाना काढून खाली टाकला, खऱ्या पान्याचं तोंड त्या लाल रेघेशी जुळवून पाहिलं, एकदा उलटा लागला म्हणून सुलटा केला, आणि टांगला. तो आकृतीत बरोब्बर बसला. मग रेघेवरून एकदा बोट फिरवून ते मावशीला म्हणाले, “भरली, बाई. लावा चक्की. लोक खोळंबले.”

दगड पुन्हा बसवला, इंजन खोकलं आणि लागलं. पुढचे तीन तास मी डबे उतरवत आणि चढवत राहिलो. आमचा डबा बाबांनी सगळ्यात शेवटी दळून घेतला.

संध्याकाळी खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. बाबा गोठ्यात बसले होते. त्यांनी मला हाक मारली नाही, पण हळदीची वाटी माझ्या बाजूला सरकवली. मी दुसऱ्या बैलाचा खांदा चोळू लागलो. 

“काय समजत नाई तिथी?” त्यांनी विचारलं.

“बोली समजत नाई, बाबा. गनित येते. पन ते काय बोलून राह्यले ते समजत नाई.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“तुमी बाजारात सर्व्याइले सांगून राह्यले होते.”

ते थांबले. बैलाच्या खांद्यावर जू घासून केस गेलेला एक डाग होता, त्यावर त्यांनी बोटाने लोणी लावलं. “हे पाय,” ते म्हणाले, “यानं मान टाकली तवा मी पयले जू पायलं, कुठी लागून राह्यलं ते. तुह्यी मान मी पायलीच नाई.” मग थोड्या वेळाने, “तुले समजते काय?”

“इंजन.”

“मंग ते शिक. पन खरं शिक.”

दुसऱ्या दिवशी मी चक्कीसमोरून बैल सजवून नेत होतो तेव्हा मावशी दारात उभी होती. बैलांना पोळीचा घास देताना तिने विचारलं, “सांगतलं?” तिला सगळं माहीत होतं, तिच्यासमोरच तर झालं होतं. तरी विचारलं. “सांगतलं,” मी म्हणालो. त्या दिवशी तिने ‘बरं’ म्हटलं नाही. माझ्याही तोंडात एक घास कोंबला, बैलाला देतात तसाच.

मागच्या वर्षी मी तिला विचारलं, “मावशी, तो गंजका पाना तुला दिसला होता ना? म्हणूनच मोठ्याने सांग म्हणालीस?” ती आता ऐंशीच्या पुढे आहे. चक्की कधीच विजेवर गेली, पुतण्या चालवतो, पण ती भिंत अजून आहे आणि गेरू दरवर्षी तीच लावते. ती म्हणाली, “मले दूरचं तवाही कमीच दिसे,” आणि सुपारी कातरत राहिली. रस्त्याच्या टोकाला दिसणारी बस कोणती ते तिने दारातून सांगितलेलं मी अनेकदा ऐकलं आहे. 

कॉलेज सुटलं. एक वर्ष मी वाडीत आणि चक्कीवर काम केलं. इंजनाबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक मावशीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं, कोणाला इंग्रजी वाचता येत नसताना. तिने ते माझ्यापुढे ठेवलं. मी शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावायचो, मराठीत सांगायचो, आणि ती म्हणायची, “पुस्तक म्हन्ते ते खरं हाय का, पाहू.” मग आम्ही इंजन उघडून पाहायचो. माझं इंग्रजी असं आलं, एका हाताला ऑईल लागलेलं. पुढे नोकरीत असताना मी बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली, आमच्या घराण्यातली पहिली. पण इंग्रजीची भीती त्या माहितीपुस्तकाच्या चाळीस पानांनीच घालवली.

बेल्याच्या न्हाव्याच्या दुकानात नागपूरचा पेपर एक दिवस उशिरा यायचा. त्यात हवाईदलाच्या भरतीची जाहिरात होती. पहिल्या खेपेला नापास झालो, दुसऱ्या खेपेला निवड झाली. दाखल्यावर गिरदावरसाहेबांची, म्हणजे महसूल निरीक्षकांची, सही घ्यायला बाबा माझ्याबरोबर तहसील कचेरीत आले आणि बाकावर ताठ बसून राहिले. निघताना मायने सांबारवड्या बांधून दिल्या. मावशीने काही दिलं नाही. हँडल फिरवायच्या आधी माझ्याकडे पाहून विचारलं, “भिंत भरली का?” मी म्हणालो, “भरली.” इंजन लागलं आणि त्या आवाजात मी बसकडे गेलो.

प्रशिक्षणात पहिल्यांदा हँगरमध्ये नेलं तेव्हा तिथे एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्यार टांगलेलं आणि मागे त्याची रंगवलेली आकृती. शिकवणारे वॉरंट ऑफिसर हिंदीत समजावत होते की एकही जागा रिकामी असेल तर विमान जागचं हलणार नाही. मला हसू फुटलं. त्यांनी सगळ्यांसमोर उभं केलं. “क्या हुआ? हँसी की क्या बात है?” मी म्हणालो, “साहब, ये हमारे गाँव की चक्की में है।” सगळा वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी जवळ येऊन विचारलं, “किसने बनाया?” मी नाव सांगितलं. ते म्हणाले, “उनको चिट्ठी लिखना.”

मी लिहिली, पण लगेच नाही. लिहिण्यासारखं काही घडेपर्यंत तीन वर्षं गेली. ते पत्र मावशीने त्याच पत्र्याच्या पेटीत, इंजनाच्या पुस्तकात ठेवलं होतं. या पुस्तकासाठी मी मागितलं तेव्हा म्हणाली, “छाप, पन वापस आनून दे.” घड्यांमध्ये अजून पीठ आहे. पत्र जसं आहे तसं खाली उतरवतो.

“तीर्थस्वरूप सुभद्रामावशीस, दिनकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. जेवण चांगलं आहे, पण भाकरी मिळत नाही. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस.

इथेही तुझ्यासारखी भिंत आहे हे कमलने तुला सांगितलंच असेल. परवा आमचं एक विमान तयार झालं होतं. वैमानिक आत बसले होते. मी हत्यारं लावायला गेलो तर एका बारक्या पान्याची जागा रिकामी. तो माझ्याच नावावर घेतलेला होता. माझ्या खिशात नव्हता, पेटीत नव्हता. सगळे घाई करत होते. शेजारचा म्हणाला, असेल कुठे तरी, दुसरा लाव आणि मोकळा हो. खरं सांगतो मावशी, दुसरा पाना माझ्या हाताजवळच होता.

मी पळत जाऊन विमानासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले. इंजन लागायचं थांबलं. वैमानिक साहेब खाली उतरले. मोठे साहेब आले, म्हणाले, कोणाच्या हातून? मी म्हणालो, माझ्या. मग झाकणं उघडली, दोन तास शोधलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला आपल्या चक्कीवरच्या बाया आठवत होत्या.

या वेळी आत होता, मावशी.

साहेबांनी तो पाना माझ्या हातात दिला. शिवी दिली नाही. म्हणाले, जा, जागेवर लाव. मी लावला. बाबांनी लावला होता तसा, आधी जुळवून पाहिला. मग विमान गेलं आणि तासाभराने नीट परत आलं. मी ते उतरेपर्यंत तिथेच उभा होतो.

बाबांना हे वाचून दाखव. मायला फक्त एवढंच सांग की मी जाड झालो आहे. पोळ्याला सुटी मिळाली तर येईन, टाकी लावायचं काम माझ्यासाठी ठेव.

तू विचारशीलच, म्हणून आधीच लिहितो. सांगतलं.

तुझा,
दिनकर”